लोंढ्याच्या बांधावरचा हिशेब

मराठीत लोंढा म्हणजे पुराचा लोट. पण आमच्या बेळगाव-खानापूरकडच्या माणसापुढे हा शब्द उच्चारला, की त्याच्या डोळ्यांपुढे पाणी येत नाही, रूळ येतात. बेळगावहून हुबळीच्या गाडीत बसावे, देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी ही स्थानके मागे टाकावीत, आणि सुमारे पन्नास किलोमीटरांवर रानाच्या कुशीत अचानक रुळांचे जाळे पसरलेले दिसावे, हेच आमचे लोंढा. येथून तीन वाटा फुटतात. उत्तरेची बेळगावमार्गे मिरजेला जाते, पूर्वेची नागरगाळी, अळणावर करीत धारवाड-हुबळी गाठते, आणि तिसरी तिनईघाट, कॅसलरॉक, दूधसागर असा घाट उतरून गोव्यात शिरते.

सीमाभागातील, किंवा कामधंद्यासाठी आणखी दक्षिणेला गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्याला लोंढ्याची एखादी आठवण नाही, असे कुटुंब विरळा. मध्यरात्री झोपेतून उठवलेली मुले, फलाटावर ओळीने मांडलेल्या ट्रंका, फिरकीचा तांब्या आणि ‘गोव्याची गाडी कुठल्या फलाटावर?’ हा कुणीतरी कुणाला तरी विचारलेला प्रश्न, हे चित्र आमच्या पिढीच्या मनावर कोरलेले आहे. हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने बांधला. गोव्यातील पोर्तुगीज रेल्वेला तो कॅसलरॉकपाशी मिळे. १९६१ साली गोवा मुक्त होईपर्यंत कॅसलरॉक हे सरहद्दीचे स्थानक होते व तेथे जकातीची तपासणी होई. पुढे रेल्वेच्या पाट्या अनेकदा बदलल्या. मद्रास अँड सदर्न मराठा, सदर्न, १९६६ पासून दक्षिण मध्य आणि २००३ पासून दक्षिण पश्चिम, अशी नावे येत गेली. १९९० नंतरच्या दशकात मीटरभर रुंदीचे रूळ जाऊन १.६७६ मीटरांचे आले. लोंढ्याचा मान मात्र तसाच राहिला.

अशा या लोंढ्याला आम्ही गेल्या कार्तिकात दोन दिवस राहून आलो. निमित्त प्रवासाचे नव्हते, देवदर्शनाचे तर नव्हतेच. आमचा भाचा एका चित्रपटाच्या निर्मितीव्यवस्थेत काम करतो. त्याच्या मंडळींचा मुक्काम लोंढ्याच्या परिसरात पडला होता, आणि ‘मामा, एकदा येऊन बघा तरी’ असा त्याचा निरोप होता.

या निरोपामागे एक जुने प्रकरण आहे, ते सांगितल्यावाचून पुढची हकीकत कळावयाची नाही. हा मुलगा शाळेत असताना त्याचे गणित आमच्याकडे सोपवलेले होते. आमच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे घरात जिला सारे अक्का म्हणतात तिची, तशी आज्ञाच होती. आम्ही त्याला पाढे घोकायला लावले. तीसपर्यंतचे तर लावलेच, पण आमच्या वडिलांनी आम्हांला शिकवलेले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीही लावले. मुलगा पाढे गाण्यासारखे म्हणे आणि वहीत बेरीज चुकवी. नववीत असताना त्याने नाटक-सिनेमात जाण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा आम्ही चिडून म्हणालो, ‘जा. तिथे गणित लागत नाही. नाहीतरी तुला बाजारहाटसुद्धा जमायची नाही.’ तो काही बोलला नाही. पण वीस वर्षांत आमच्याशी त्याने आपल्या कामाचा विषय कधी काढला नाही, हे आम्हांला ठाऊक होते आणि सलतही होते.

गाडीत बसल्यावर मनात आले, की याच रुळांवरून चित्रपटाचा एक मोठा माणूस घडत गेला आहे. व्ही. शांताराम कोल्हापूरचे. कोवळ्या वयात ते हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात आणि तेथल्याच एका चित्रपटगृहात कामाला होते. कोल्हापूरहून हुबळीला जाणारी रेल्वेची वाट मिरज, बेळगाव, लोंढा अशीच आहे. पुढे १९२० साली ते बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले आणि १९२९ साली कोल्हापुरात प्रभातची स्थापना झाली. कारखान्यात मापाला मान असतो; सुताएवढी चूकही खपत नाही. त्या शिस्तीचा पुढच्या कामगिरीशी काही संबंध असेल काय, असा विचार करीतच आम्ही लोंढ्याला उतरलो.

भाचा फलाटावर आला होता. हातात एक लांबट वही, कानावर पेन्सिल. नमस्कार करून त्याने पहिले वाक्य उच्चारले ते असे : ‘मामा, तुम्ही धरून आज पासष्ट झाले.’ आम्हांला अर्थ कळेना. मुक्कामाला पोचल्यावर तो कळला. त्या दिवशी कामावर चौसष्ट माणसे होती. तीन वेळा चहा, म्हणजे एकशे ब्याण्णव कप. कपाला पन्नास मिलिलिटर दूध धरले तर नऊ लिटर सहाशे मिलिलिटर, म्हणून दहा लिटर सांगायचे. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ म्हणजे सहा किलो चारशे, म्हणून सात किलो शिजवायचा. ‘वरचे सहाशे ग्रॅम कशाला?’ आम्ही विचारले. तो हसून म्हणाला, ‘आईचे. ती नाही का माणशी एक मूठ घेऊन वर आणखी एक मूठ पाहुण्याची टाकत?’ पासष्टावा पाहुणा त्या मुठीत जेवला.

बाजारहाट जमणार नाही म्हणून ज्याला हिणवले, तो चौसष्ट माणसांची बाजारहाट करीत होता. आम्ही काही बोललो नाही.

दुपारी त्याने आपली वही उलगडून दाखवली. चित्रपटाची संहिता ही मंडळी पानांत मोजतात आणि प्रत्येक पानाचे आठ समान भाग कल्पितात. ढोबळ मानाने एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट. एका दिवसाच्या कामात तीन प्रसंग असतील, एक तीन अष्टमांश पानाचा, दुसरा एक पूर्णांक एक अष्टमांश, तिसरा सात अष्टमांश, तर तीन, नऊ आणि सात मिळून एकोणीस अष्टमांश, म्हणजे दोन पूर्णांक तीन अष्टमांश पाने. पाचवीच्या वर्गातील हीच उदाहरणे. फरक एवढाच, की येथे उत्तर चुकले तर गुण जात नाहीत, दिवस जातो. या चित्रपटाची संहिता एकशे दहा पानांची होती. ‘रोज पावणेतीन पाने उरकली तर किती दिवस?’ त्याने आमचीच परीक्षा घेतली. आमच्या तोंडून आपसूक निघाले, ‘चाळीस पाऊण तीस, चाळीस दुणे ऐंशी, एकशे दहा. चाळीस दिवस.’ तो म्हणाला, ‘मीही असेच केले. निर्मात्यांनी यंत्रावर केले. उत्तर एकच आले, पण माझे आधी आले.’

‘मग यंत्र वापरतच नाहीस?’

‘वापरतो की. पैशाची प्रत्येक बेरीज यंत्रावरच. पण यंत्रात बोट चुकून एक शून्य जास्त पडले, तर ते ओळखायला डोक्यात आधी एक अंदाज असावा लागतो. तो अंदाज तुमच्या पाढ्यांतला.’

त्या एका दिवसाचा खर्च समजा तीन लाख रुपये आणि काम बारा तासांचे, तर तासाला पंचवीस हजार आणि मिनिटाला चारशे सतरा रुपये पडतात, हे त्याने सांगितले तेव्हापासून चहाला जास्त वेळ लावणाऱ्यांकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

वाचकांना वाटेल, की ही झाली व्यवस्थेची गणिते. कलेशी त्यांचा काय संबंध? आमचीही तीच समजूत होती. पण या कलेचा आरंभच मोजण्यापासून आहे. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एका फुटात सोळा चित्रे मावतात. मूकपटाच्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला दोन फेरे, प्रत्येक फेऱ्यात आठ चित्रे, म्हणजे सेकंदाला सोळा चित्रे, म्हणजेच सेकंदाला एक फूट फीत, हे त्याचे प्रमाण होते. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ तीन हजार सातशे फुटांचा होता. या प्रमाणाने तो तीन हजार सातशे सेकंदांचा, म्हणजे तासाभराहून थोडा अधिक भरतो. हात जलद फिरला की पडद्यावरचा काळ पसरतो, संथ फिरला की आखडतो. त्याआधी फाळक्यांनी रोप उगवताना ठराविक अंतराने एकेक चित्र घेऊन अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली होती, तीही भागाकाराचीच किमया. बोलपट आल्यावर सेकंदाला चोवीस चित्रे ठरली आणि मिनिटाला नव्वद फूट फीत लागू लागली. दोन तासांच्या चित्रपटाला दहा हजार आठशे फूट. प्रत्येक प्रसंग सरासरी चारदा घेतला तर त्रेचाळीस हजार दोनशे. फीत महाग असे, म्हणून दिग्दर्शकाच्या शेजारी बसून कुणीतरी फूट मोजीत असे. आता बहुतेक ठिकाणी फीत गेली आणि कार्ड आले. एका कार्डात ५१२ गिगाबाइट मावत असतील आणि मिनिटाला आठ लागत असतील, तर चौसष्ट मिनिटे. नाव बदलले, त्रैराशिक तेच राहिले.

कॅमेऱ्याजवळ एक मुलगी हातात फीत घेऊन भिंगापासून नटाच्या डोळ्यांपर्यंतचे अंतर मोजीत होती, जसा शिंपी छाती मोजतो तसा. भिंगावर आकडे होते : १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. ही काय विचित्र ओळ, असे आम्ही म्हणताच ती म्हणाली, ‘काका, एक सोडून एक वाचा.’ वाचले. २, ४, ८, १६. दुसरी ओळ १.४, २.८, ५.६, ११. दोन्ही दुपटीच्याच. आणि प्रत्येक पुढच्या आकड्याला आत येणारा उजेड निम्मा होतो. निमकीचा पाढा काचेवर कोरला होता.

आता ज्या प्रसंगासाठी भाच्याने आम्हांला बोलावले होते, तो सांगतो.

रेल्वेच्या हद्दीबाहेर एका शेतकऱ्याच्या संमतीने त्याच्या बांधावर एक दृश्य घ्यायचे होते. वृद्ध आई गाव सोडून जाणाऱ्या मुलाशी बोलते आहे, मागून मालगाडी जाते आहे, आणि शेवटचा डबा नजरेआड होतो तेव्हा आईचे बोलणे संपते. मध्ये कुठेही तुकडा न पाडता हे दृश्य घ्यावे, असा दिग्दर्शकांचा हट्ट होता. आवाज नंतर भरायचा होता, त्यामुळे खडखडाटाची चिंता नव्हती. चिंता होती काळाची. तालमीत संवादाला सत्तर सेकंद लागत. मालगाडीला ना वेळापत्रक, ना ठराविक वेग. आईची भूमिका करणाऱ्या बाईंना त्याच रात्रीच्या गाडीने परतायचे होते. म्हणजे संधी एकच.

भाचा आधीचे दोन दिवस त्या बांधावर घड्याळ घेऊन बसला होता. त्याने नऊ मालगाड्या मोजल्या होत्या. एका वाघिणीची लांबी सुमारे अकरा मीटर. सेकंदाला एक वाघीण समोरून गेली तर वेग सेकंदाला अकरा मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ चाळीस किलोमीटर. वहीत नऊ आकडे होते : ५८, ६१, ६४, ६६, ७०, ७२, ७५, ८०, ८४. बेरीज सहाशे तीस, सरासरी बरोबर सत्तर. दिग्दर्शक प्रसन्न झाले. संवाद सत्तर, सरासरी सत्तर. यापरते काय हवे?

‘नाही जमणार,’ भाचा म्हणाला. आवाज हळू होता, पण अडखळला नाही. ‘सरासरी सत्तर आहे म्हणजे गाडी सत्तर सेकंदांची येईल असे नाही. नवांपैकी चार गाड्या सत्तराच्या आत संपल्या. त्यांतली एखादी आली, तर बाई बोलत राहतील आणि मागे रिकामे रूळ दिसतील. आपण सर्वांत लहान गाडी धरू या, अठ्ठावन्नाची. त्यातून दहा वजा करू. अठ्ठेचाळीस सेकंदांत बोलणे बसले पाहिजे.’

‘वजा दहा कशाला?’

‘वरची मूठ,’ तो म्हणाला. दिग्दर्शकांना ते कळले नाही; आम्हांला कळले.

बावीस सेकंद कापायचे म्हणजे संवादाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. लेखक रागावले. दिग्दर्शक बराच वेळ बांधावर येरझारा घालीत राहिले. कापायच्या वाक्यांत आईने मुलाला केलेला सारा उपदेश होता, आणि तो चांगला लिहिला होता. अखेर बाईच पुढे आल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मुलगा जात असताना आई इतके बोलत नाही. मला चार वाक्ये पुरतात.’ तालीम झाली. सेहेचाळीस सेकंद लागले.

चार वाजून गेले. आता उजेडाचा हिशेब. भाच्याने हात लांब करून मूठ धरली आणि पश्चिमेच्या टेकडीच्या माथ्यापासून सूर्यापर्यंत एकावर एक अशा मुठी मोजल्या. लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे साधारण दहा अंश. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून एक मूठ सुमारे चाळीस मिनिटांची. लोंढा साडेपंधरा अक्षांशांच्या आसपास असल्यामुळे येथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो व हा अंदाज बराच बरोबर येतो. दोन मुठी भरल्या, म्हणजे ऐंशी मिनिटे. त्या ऐंशी मिनिटांत मालगाडी आली तर आली.

सत्तावन्न मिनिटे काही आले नाही. बांधावर चौसष्ट माणसे गप्प. मिनिटाला चारशे सतरा रुपये या हिशेबाने आम्ही मनातल्या मनात गुणाकार करीत होतो आणि तो चोवीस हजारांच्या थोडा मागे पोचला तेव्हा दूर भोंगा वाजला. इंजिन दिसले, दिग्दर्शकांनी खूण केली, बाई बोलू लागल्या. आम्ही त्यांच्याकडे पाहिले नाही, हे कबूल करतो. आम्ही वाघिणी मोजत होतो. वेग तोच होता, सेकंदाला एक. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास... बाईंचे शेवटचे वाक्य संपले, त्यांनी मुलाच्या खांद्यावरचा हात काढून घेतला, आणि चोपन्नावी वाघीण झाडीआड गेली.

चोपन्न. दोन दिवसांत एवढी लहान गाडी आली नव्हती. केवळ वहीवर विसंबून अठ्ठावन्न धरले असते, तरी काम बिघडले असते. त्या मुठीने तारले.

टाळ्या वाजल्या त्या बाईंना आणि कॅमेरामनला, आणि त्या योग्यच होत्या. भाचा दूर उभा राहून वहीत दहावा आकडा लिहीत होता. आम्ही जवळ जाऊन पाहिले. ५४ लिहून त्याने नवी बेरीज मांडली होती, सहाशे चौऱ्याऐंशी. बरोबर होती. आम्ही तेवढेच म्हणालो, ‘बरोबर आहे.’ वीस वर्षांपूर्वी म्हणावयाचे राहून गेलेले दोन शब्द असे रुळांच्या कडेला उच्चारले गेले. त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाला, ‘तपासून घेतली होती, मामा.’

दुसऱ्या दिवशी त्यांना कॅसलरॉककडच्या घाटाचे दृश्य घ्यायचे होते, तेही डबा सपाट जागी उभा करून. २०१३ साली ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये दूधसागर व त्यासमोरची गाडी देशभर सर्वांनी पाहिली, तेव्हापासून या घाटाची सर्वांना ओढ. कॅसलरॉक ते कुळे हा उतार सदतिसाला एक असा आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली. चोवीस मीटरांच्या डब्याचे एक टोक दुसऱ्याहून सुमारे पासष्ट सेंटिमीटर उंच राहते. हा उतार कोनात जेमतेम दीड अंश भरतो. तेवढा दीड अंश कॅमेरा कलता करायचा. कमी केला तर घाट वाटत नाही, जास्त केला तर अपघात वाटतो. हे आम्हांला सांगताना भाच्याच्या चेहऱ्यावर, पूर्वी पाढे म्हणताना दिसे तसा आनंद होता.

रात्री फलाटावर निरोप देताना आम्ही विचारले, ‘तुमच्यात कानडी, तमिळ, हिंदी बोलणारे सारे. हिशेब कुठल्या भाषेत करतोस?’ तो म्हणाला, ‘सांगतो ज्याच्या त्याच्या भाषेत. करतो मराठीत. दुसऱ्या भाषेत मला पाऊणकी येत नाही.’ आज आमच्या घरांतून पाऊणकी जवळजवळ लोपली आहे. ती गेल्याने कुणाचे पोट अडत नाही, हेही खरे. पण परमुलखात सत्तर कामांच्या गर्दीत ज्या भाषेत मनातला अंदाज बांधला जातो, ती भाषा माणसाबरोबर अजून आहे असे समजावे.

घरी पोचल्यावर अक्काला सारी हकीकत सांगितली. चोपन्न वाघिणींची गोष्ट तिने शांतपणे ऐकली. वरच्या मुठीचे सांगितले तेव्हा ती तांदळाच्या डब्यापाशी बसलेली होती. ‘एवढ्यासाठी तो लोंढ्यापर्यंत गेला होय?’ ती म्हणाली, आणि माणशी एक मूठ टाकून झाल्यावर तिने नेहमीप्रमाणे आणखी एक मूठ ताटात टाकली.